सोयाबीनच्या वीस बिया : वितरण निवडण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत परिकल्पना चाचणी कशी करावी

राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात द्विपद वितरण येते, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याच्या जोडीला प्वासाँ वितरणही शिकावे लागते, आणि जे विद्यार्थी ब्रिटिश ए-लेव्हलसारखा अभ्यासक्रम घेतात किंवा पुढे पदवीला संख्याशास्त्र निवडतात, त्यांना या वितरणांच्या आधारे परिकल्पना चाचणी, म्हणजे एखादे विधान नमुन्यातील आकड्यांशी सुसंगत आहे का याची तपासणी, करावी लागते. या चाचणीतील आकडेमोड फारशी अवघड नाही. कोष्टक किंवा गणकयंत्र ती करून देते. उत्तरे चुकतात ती बहुतेक वेळा आकडेमोडीच्या आधी, म्हणजे वितरण निवडताना आणि परिकल्पना मांडताना, किंवा आकडेमोडीनंतर, म्हणजे निष्कर्षाचे वाक्य लिहिताना. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांकडे अधिक लक्ष दिले आहे आणि एकच उदाहरण शक्य तितके खोलात नेले आहे.

उदाहरण शेतातले आहे. सोयाबीनच्या बियाण्याचे कवच नाजूक असते. मळणीत किंवा हाताळणीत त्याला इजा झाली की बी रुजत नाही, आणि म्हणून पेरणीपूर्वी घरच्या घरी उगवणक्षमता तपासण्याचा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. गोणपाट भिजवायचे, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सुमारे आठवड्याने चांगले कोंब आलेल्या बिया मोजायच्या, अशी ही पद्धत आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. आपला प्रश्न असा : मोजणीत ७० टक्क्यांपेक्षा कमी बिया रुजल्या, तर बियाणे खरोखरच कमी प्रतीचे आहे असे म्हणता येईल का, की हा केवळ नमुन्यातला योगायोग आहे?

आधी चल, मग अटी, मग वितरण

पहिले काम म्हणजे यादृच्छिक चल शब्दांत लिहिणे. हाताने कोष्टक पाहता यावे म्हणून प्रथम वीसच बिया घेऊ. समजा, क्ष म्हणजे ‘वीस बियांपैकी रुजलेल्या बियांची संख्या’. हे एक वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो, पण ते लिहिले नाही तर पुढे रुजलेल्या बिया आणि न रुजलेल्या बिया यांची सरमिसळ होते, आणि त्या सरमिसळीत असमानतेचे चिन्ह उलटे पडते.

क्ष हा चल द्विपद वितरण पाळतो असे म्हणण्यासाठी चार गोष्टी असाव्या लागतात : प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली असावी, प्रत्येक प्रयत्नाला दोनच निष्पत्ती असाव्यात, यशाची संभाव्यता प्रत्येक प्रयत्नात सारखी असावी, आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. विद्यार्थी या अटी पाठ म्हणून दाखवतात, पण परीक्षक त्या प्रश्नातील संदर्भात मागतो. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन अटी उघड आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या अटीसाठी थोडे थांबावे लागते. पिशवीचा एक कोपरा ओलसर जागी टेकून राहिला असेल आणि सगळ्या बिया त्याच कोपऱ्यातून उचलल्या असतील, तर एक बी खराब निघाल्यावर शेजारचीही खराब निघण्याची शक्यता वाढते. तेव्हा स्वातंत्र्याची अट मोडली. म्हणून पिशवीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतून बी काढून, एकत्र मिसळून, मग त्यातून नमुना घेणे हा या संख्याशास्त्राचाच भाग आहे, निव्वळ शेतकी शिस्त नव्हे. बिया परत न टाकता काढल्याने संभाव्यता किंचित बदलते हे खरे, पण पिशवीत लाखांच्या घरात बिया असताना वीस बियांनी पडणारा फरक नगण्य असतो. उत्तरात हे कारण एका वाक्यात लिहावे.

प्वासाँ वितरण कधी घ्यावे? जेव्हा प्रयत्नांची संख्या मोजण्यासारखी नसते आणि ठरावीक काळात किंवा जागेत एखादी घटना किती वेळा घडली एवढेच मोजता येते, तेव्हा. त्याची एक सोपी पारख अशी की या वितरणात मध्य आणि विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा (मूल्ये मध्यापासून किती पसरली आहेत याच्या मापाचा) वर्ग, सारखेच असतात. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रशियन सैन्याची आकडेवारी या पारखीसाठी उत्तम आहे. घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंची नोंद दहा सैन्यदलांसाठी वीस वर्षे, म्हणजे एकूण २०० दल-वर्षांसाठी घेतली, तर १०९ वेळा एकही मृत्यू नाही, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, ३ वेळा तीन आणि एकदा चार, असे आकडे मिळतात. एकूण मृत्यू १२२, म्हणून मध्य ०.६१. विचरण काढले तर ते ०.६०८ येते. प्वासाँ सूत्रात ०.६१ हा मध्य घालून अपेक्षित वारंवारता काढल्या तर त्या अनुक्रमे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ येतात, आणि प्रत्यक्ष आकड्यांशी त्या किती जवळच्या आहेत ते दिसतेच. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा स्वतः कागदावर करावे. वितरण ‘बसते’ म्हणजे काय, याची कल्पना त्याने जितकी स्पष्ट होते तितकी व्याख्येने होत नाही.

परिकल्पना मोजणीपूर्वी लिहावी

शून्य परिकल्पना म्हणजे ज्या विधानाला आपण पुरावा मिळेपर्यंत धरून चालतो ते विधान. त्यात नेहमी बरोबरीचे चिन्ह असते, आणि ते समष्टीच्या, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण समूहाच्या, प्राचलाविषयी (त्या समूहाच्या ठरावीक संख्येविषयी) असते, नमुन्याविषयी नव्हे. प म्हणजे संपूर्ण पिशवीतील बी रुजण्याची संभाव्यता असे धरले, तर शून्य परिकल्पना प = ०.७ अशी होईल आणि पर्यायी परिकल्पना, म्हणजे पुरावा मिळाल्यास तिच्या जागी स्वीकारायचे विधान, प < ०.७ अशी. ‘नमुन्यातील प्रमाण ०.७ पेक्षा कमी आहे’ अशी परिकल्पना लिहिण्यात अर्थ नाही, कारण नमुन्यातील प्रमाण मोजून कळलेलेच असते. त्याची चाचणी कसली घ्यायची?

पर्यायी परिकल्पना एका बाजूची घ्यायची की दोन्ही बाजूंची, हे प्रश्नाच्या हेतूवरून ठरते. शेतकऱ्याला बियाणे किमान प्रतीपेक्षा कमी आहे का एवढेच हवे आहे, म्हणून येथे एका बाजूची चाचणी योग्य. आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल यांच्या वाटाण्याच्या प्रयोगात मात्र गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या ३ : १ या गुणोत्तरापासून कोणत्याही दिशेने फरक पडला तरी सिद्धांताला बाधा येते, म्हणून तेथे दोन्ही बाजूंची चाचणी हवी. हा निर्णय आकडे पाहण्याआधी घ्यावा. आकडे पाहून, ज्या बाजूला ते झुकले त्याच बाजूची चाचणी निवडली, तर प्रत्यक्षातली सार्थकता पातळी, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारली जाण्याची संभाव्यता, लिहिलेल्या पातळीच्या दुप्पट होते.

सार्थकता पातळीही आधीच ठरवावी. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून ५ टक्के ही पातळी रूढ झाली, पण ती सोयीसाठी स्वीकारलेली मर्यादा आहे. चुकीच्या निर्णयाची किंमत मोठी असेल तर १ टक्का घेणे शहाणपणाचे.

एका मूल्याची संभाव्यता कधीही वापरू नये

समजा, वीस बियांपैकी ११ रुजल्या. शून्य परिकल्पना खरी असेल तर सरासरीने १४ रुजायला हव्यात. आता बरेच विद्यार्थी ‘नेमक्या ११ बिया रुजण्याची संभाव्यता’ काढतात आणि ती ०.०५ शी ताडून पाहतात. ही पद्धत मुळातच चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे हे समजले की चाचणीचे अर्धे तर्कशास्त्र समजते.

हजार बियांचा नमुना घेतला आणि त्यातल्या नेमक्या ७०० रुजल्या, असे समजा. शून्य परिकल्पनेशी याहून तंतोतंत जुळणारे निरीक्षण असूच शकत नाही. तरीही नेमक्या ७०० बिया रुजण्याची संभाव्यता फक्त ०.०२७५ च्या आसपास आहे, कारण एकूण संभाव्यता १००१ मूल्यांत वाटली गेलेली असते. एकेका मूल्याच्या संभाव्यतेवरून निर्णय घेतला, तर परिकल्पनेशी पूर्ण जुळणाऱ्या निरीक्षणावरूनच ती परिकल्पना नाकारावी लागेल! म्हणून विचारायचा प्रश्न असा असतो : शून्य परिकल्पना खरी असताना, मिळालेले मूल्य किंवा पर्यायी परिकल्पनेच्या दिशेने त्याहून टोकाचे मूल्य मिळण्याची संभाव्यता किती? यालाच पी-मूल्य म्हणतात.

आपल्या उदाहरणात म्हणजे संभाव्यता (क्ष ≤ ११) हवी. बहुतेक छापील कोष्टके ०.५ पर्यंतच्याच संभाव्यतांची असतात, म्हणून न रुजलेल्या बियांची संख्या य घेऊ. ती २० आणि ०.३ या प्राचलांचे द्विपद वितरण पाळते. क्ष ≤ ११ म्हणजेच य ≥ ९, आणि संभाव्यता (य ≥ ९) = १ − संभाव्यता (य ≤ ८) = १ − ०.८८६७ = ०.११३३. येथे ९ ऐवजी ८ वजा करायचा, हे नीट पाहावे. असंतत, म्हणजे फक्त सुट्या मूल्यांच्या, वितरणात ‘किमान ९’ याचा पूरक ‘जास्तीत जास्त ८’ हाच असतो. ०.११३३ ही किंमत ०.०५ पेक्षा मोठी असल्याने शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

हेच काम क्रांतिक क्षेत्र काढूनही करता येते. ज्या मूल्यांवर शून्य परिकल्पना नाकारायची त्या मूल्यांचा संच म्हणजे क्रांतिक क्षेत्र. १० किंवा कमी बिया रुजण्याची संभाव्यता १ − ०.९५२० = ०.०४८०, आणि ११ किंवा कमी रुजण्याची ०.११३३. म्हणून ५ टक्के पातळीवर क्रांतिक क्षेत्र क्ष ≤ १० हे होय. उत्तरात दोन्ही संभाव्यता दाखवाव्यात : एक मर्यादेच्या आत आहे आणि पुढची मर्यादेबाहेर गेली, हे दाखवल्याशिवाय क्षेत्राची सीमा सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष सार्थकता पातळी येथे ४.८ टक्के आहे. असंतत वितरणात नेमके ५ टक्के क्वचितच मिळतात, त्यामुळे ‘प्रत्यक्ष पातळी किती’ असा वेगळा प्रश्न परीक्षेत विचारला जातो.

निष्कर्षाचे वाक्य

‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असे कधीही लिहू नये. मेंडेल यांच्या आकड्यांवरून याचे कारण स्वच्छ दिसते. त्यांनी ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या मोजल्या. प = ०.७५ असेल तर ५४९३ गोल अपेक्षित आहेत आणि प्रमाण विचलन ३७.०६ येते. सातत्य दुरुस्ती (सुट्या संख्येला सतत वितरणाशी जुळवण्यासाठी अर्ध्याचा फरक) करून झेड मूल्य, म्हणजे अपेक्षित संख्येपासूनचे अंतर भागिले प्रमाण विचलन, −०.५० मिळते, आणि दोन्ही बाजूंचे पी-मूल्य सुमारे ०.६२. परिकल्पना नाकारण्याचे काहीच कारण नाही. पण त्याच आकड्यांवर प = ०.७४५ ही परिकल्पना तपासली तर अपेक्षित संख्या ५४५६.४ येते, झेड मूल्य सुमारे ०.४६, आणि हीसुद्धा नाकारता येत नाही. दोन वेगवेगळी मूल्ये एकाच वेळी सिद्ध होऊ शकत नाहीत. आकडे दोन्हींशी सुसंगत आहेत, एवढेच म्हणता येते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. ‘पी-मूल्य ०.११ आहे, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ११ टक्के आहे’ असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पी-मूल्य काढताना आपण शून्य परिकल्पना खरी आहे असे गृहीत धरूनच निघालो होतो. जे गृहीत धरले त्याचीच संभाव्यता त्याच गणितातून बाहेर येऊ शकत नाही.

मग लिहावे काय? आपल्या उदाहरणासाठी असे : ‘०.११३३ > ०.०५ असल्याने ५ टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा नाही; या बियाण्याची उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे असे या नमुन्यावरून म्हणता येत नाही.’ यात तुलना आहे, निर्णय आहे, आणि प्रश्नाच्या भाषेतला अर्थ आहे. तिन्ही हवेत. ‘बियाणे चांगले आहे’ असे मात्र लिहू नये, आणि त्याचे कारण पुढच्या भागात अधिक ठळकपणे दिसेल.

वीस बिया पुरेशा का नाहीत

शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक. ती खोटी असताना न नाकारणे ही दुसऱ्या प्रकारची. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी या दोन चुकांच्या आधारे चाचणीचा सिद्धांत बांधला, आणि त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पुढे त्यांनी शेतीतील नमुना सर्वेक्षणांवर मोठे काम केले. त्यांच्यासारख्यांच्या कामातला एक मूलभूत प्रश्न येथे आपल्यालाही पडतो : नमुना किती मोठा घ्यावा?

समजा, बियाण्याची खरी उगवणक्षमता ६० टक्केच आहे. वीस बियांच्या चाचणीत आपण ते तेव्हाच पकडू, जेव्हा १० किंवा कमी बिया रुजतील. प = ०.६ घेतल्यास त्याची संभाव्यता ०.२४४७ येते. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या चुकीची संभाव्यता ०.७५५३. कमी प्रतीचे बियाणे चारपैकी तीन वेळा या चाचणीतून सुटून जाईल. अशी चाचणी घेऊन ‘बियाणे चांगले आहे’ म्हणणे किती धोक्याचे आहे, हे या एका आकड्यावरून कळते.

आता शंभर बिया घेऊ. येथे प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाने द्विपद वितरणाचे आसन्न मूल्य काढता येते, कारण अपेक्षित यश ७० आणि अपेक्षित अपयश ३०, दोन्ही पुरेसे मोठे आहेत. मध्य ७०, विचरण २१, प्रमाण विचलन ४.५८३. सातत्य दुरुस्ती विसरू नये : ‘६१ किंवा कमी’ यासाठी ६१.५ घ्यायचे. (६१.५ − ७०) ÷ ४.५८३ = −१.८५, आणि त्याची संभाव्यता सुमारे ०.०३२. ६२ साठी ती ०.०५१ होते. म्हणून क्रांतिक क्षेत्र ६१ किंवा कमी. खरी उगवणक्षमता ६० टक्के असेल तर या क्षेत्रात मूल्य पडण्याची संभाव्यता सुमारे ०.६२ आहे. वीस बियांच्या ०.२४ शी तिची तुलना करावी.

हाच फरक दुसऱ्या बाजूनेही दिसतो. वीसपैकी ११ म्हणजे ५५ टक्के. त्यावर आपण परिकल्पना नाकारू शकलो नाही. शंभरपैकी ५५ रुजल्या असत्या, तर झेड मूल्य −३.१६ आले असते आणि पी-मूल्य ०.००१ पेक्षाही कमी. टक्केवारी तीच, पण पुराव्याचे वजन कितीतरी अधिक. म्हणून केवळ टक्केवारी सांगणाऱ्या दाव्यासमोर विद्यार्थ्याने नमुना किती होता हे आधी विचारावे.

मध्याची चाचणी

सतत चलासाठी रीत तीच असते. फक्त एका ठिकाणी नेमकी चूक होते. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. समजा, भरण यंत्राचे प्रमाण विचलन ०.३ किलो असल्याचे ठाऊक आहे, वजने प्रसामान्य वितरण पाळतात, आणि १६ गोण्यांचा सरासरी भार ४४.८८ किलो भरला. शून्य परिकल्पना अशी की सरासरी वजन ४५ किलो आहे, पर्यायी अशी की ते त्याहून कमी आहे. येथे चाचणी एका गोणीच्या वजनाची नसून १६ गोण्यांच्या सरासरीची आहे, म्हणून भागायचे ते प्रमाण विचलनाला नमुना संख्येच्या वर्गमूळाने भागून आलेल्या ०.०७५ ने. झेड मूल्य −१.६, पी-मूल्य ०.०५४८, आणि ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. ०.३ नेच भागले असते तर झेड −०.४ आले असते आणि जवळपास सीमेवरचा पुरावा अगदीच क्षुल्लक वाटला असता. प्रमाण विचलन ठाऊक नसून ते नमुन्यातूनच काढावे लागत असेल, आणि नमुना लहान असेल, तर टी वितरण वापरावे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये ते मांडले.

पुन्हा चाचणी घेताना

एखाद्या गटाने वीस वेगवेगळ्या पिशव्यांवर वीस-वीस बियांची हीच चाचणी घेतली आणि सगळ्या पिशव्यांची उगवणक्षमता नेमकी ७० टक्के असली, तरी किमान एक पिशवी क्रांतिक क्षेत्रात पडण्याची संभाव्यता १ − (०.९५२ चा विसावा घात), म्हणजे सुमारे ०.६३ आहे. म्हणून प्रकल्पाच्या वहीत नाकारल्या गेलेल्या पिशवीबरोबर उरलेल्या एकोणीस पिशव्यांचे निकालही नोंदवावेत. संशयास्पद ठरलेल्या पिशवीची पुन्हा चाचणी घ्यायची असेल, तर तिच्यातून नव्याने बिया काढाव्यात, त्या शंभर असाव्यात, आणि क्रांतिक क्षेत्र गोणपाट उलगडण्यापूर्वी वहीत लिहिलेले असावे. पहिल्या वीस बिया या नव्या मोजणीत मिळवू नयेत, कारण त्यांच्या निकालामुळेच ही पिशवी निवडली गेलेली आहे.